वीतभर तार

“मॅडम, एवढी एक ओळ वाचून दाखवता का?”

डोमाजी निखाडे माझ्या टेबलासमोर उभे होते. हातात विद्यापीठाच्या विस्तार आराखड्याची झेरॉक्स. चपला त्यांनी दाराबाहेर काढल्या होत्या, पण पायांना घोट्यापर्यंत चुना लागलेला होता, त्यामुळे दारापासून टेबलापर्यंत नुकत्याच पुसलेल्या फरशीवर पांढरी पावलं उमटली होती. मी त्या पावलांकडे बघितलं. त्यांनीही बघितलं.

“तुम्हाला वाचता येतं की, डोमाजी.”

“येते. वाचलीबी. पन पटून नाई रायली. तुमच्या तोंडून आइकतो.”

मी वाचली. “‘सध्याची धावपट्टी मातीची, निकृष्ट दर्जाची व चुकीच्या मापाची असल्याने खेळाडूंच्या उपयोगाची राहिलेली नाही.’”

“मातीची हाये. निकृष्ट म्हना, तुमी मोठे लोक. पन चुकीच्या मापाची?” त्यांनी बोट त्या शब्दांवर टेकवलं. “कोनं मोजली, मॅडम?”

कोणीच मोजली नव्हती. ती ओळ ज्या बैठकीत घातली गेली त्या बैठकीला मी हजर होते. दिल्लीहून अनुदान हवं तर असलेल्या वस्तूला नावं ठेवावी लागतात, असं एक सल्लागार म्हणाले आणि त्यांनी तीन विशेषणं सांगितली. लिहिणाऱ्यानं लिहिली. मी त्या वेळी समोसा खात होते.

मी तेव्हा विद्यापीठाच्या बांधकाम विभागात कनिष्ठ अभियंता होते. म्हणजे छत गळालं, संडास तुंबला, कुलगुरूंच्या बंगल्यात पाल निघाली, की ज्याला बोलावतात तो माणूस. त्या वर्षी मात्र आम्हाला एकदम भाव आला होता. शहर चारी बाजूंनी विद्यापीठाला येऊन भिडलं होतं, एकीकडे उड्डाणपूल, दुसरीकडे मंगल कार्यालयं. पसरायला जागाच नव्हती, म्हणून सगळं जुन्या मैदानावर बसवायचं ठरलं: आठ पट्ट्यांचा सिंथेटिक ट्रॅक, बंदिस्त क्रीडागार, पोहण्याचा तलाव, मुलींचं नवं वसतिगृह. चांगलंच होतं ते. मी काही त्याच्या विरोधात नव्हते. वसतिगृहाच्या टाकीचं डिझाइन तर माझंच आहे, आजपर्यंत गळलेलं नाही.

डोमाजी त्या मैदानाचे मार्कर. बत्तीस वर्षं त्यांनी एकच काम केलं: मैदानावर पाणी मारायचं, रोलर फिरवायचा आणि चुन्यानं रेघा आखायच्या. मैदानाच्या दोन्ही टोकांना मातीत लोखंडाची एकेक खुंटी पुरलेली होती. तारेची कडी खुंटीत अडकवायची, तार ताणून धरायची आणि तिच्या दुसऱ्या टोकानं वळण आखत मागे मागे सरकायचं. अडतीस मीटरला थोडी कमी अशी ती तार ते रोज रात्री तेलाच्या फडक्यानं पुसून टांगत. दुसऱ्या कोणाला हात लावू देत नसत. आमची पोरं बाहेरगावच्या स्पर्धांत घरच्यापेक्षा नेहमी थोडी जलद धावायची. आमचे क्रीडा संचालक त्याचं श्रेय बाहेरच्या पाण्याला द्यायचे आणि पोरं बाहेरच्या जेवणाला.

“तीन महिने उरले माहे,” डोमाजी म्हणाले. “मंग मी घरी. खोदाले तुमाले कोन रोकते? पन खोदायच्या आधी तुमच्या मशीननं एकडाव मोजून द्या. अन् कागदावर लिहून द्या, सहीशिक्क्यानं, का डोमाजीचा ट्रॅक बरोबर होता.”

“काय करणार त्या कागदाचं?”

“मंदाच्या फोटोखाली लावीन.”

मी फाइल चाळायला लागले. फाइलमध्ये चाळण्यासारखं काही नव्हतं.

मंदा त्यांची एकुलती एक मुलगी. माझ्याच वयाची. मी अभियांत्रिकीला होते, मुलींच्या वसतिगृहात राहायचे आणि खो-खो खेळायचे. मंदा निखाडे बी.ए. करत होती आणि आठशे मीटर धावायची. नाव मंदा आणि धावते अशी, म्हणून आम्ही तिला फार पिडायचो. मैदानामागच्या क्वार्टरमध्ये ते दोघंच राहत. आई लहानपणीच गेलेली. रोज सकाळी डोमाजी पातेलंभर भिजवलेले चणे घेऊन यायचे आणि मंदाबरोबर आम्हालाही मूठ मूठ द्यायचे. आम्ही त्यांना काका म्हणायचो. ‘डोमाजी’ मी नोकरीला लागल्यावर सुरू केलं, आणि त्यांनी त्याच दिवसापासून ‘मॅडम’.

तो डिसेंबर एकोणनव्वद सालचा. रेल्वेची खेळाडू भरती होती आणि निवड चाचणी आमच्याच मैदानावर होती. मुलींच्या आठशे मीटरला अट होती दोन मिनिटं बारा सेकंद. बाराच्या आत किंवा बरोबर बारा. वर एक दशांशसुद्धा चालणार नव्हता. सरावात मंदाची वेळ बाराच्या आसपास घोटाळत होती. घरात तेव्हा दुसरीही गोष्ट चालू होती. देवरीकडचं एक स्थळ आलेलं होतं. डोमाजींनी तिला साफ सांगितलं होतं, “नोकरी लागली तं लगन दोन वर्सं पुढं. नाई लागली तं त्यायले हो म्हनतो. माह्यामागं तुले कोन हाये?”

रेल्वेच्या साहेबांना तिसरं घड्याळ धरणारं कोणी हवं होतं. एक घड्याळ ते स्वतः धरणार, दुसरं आमचे संचालक पांढरीपांडे सर. सरांनी माझं नाव सांगितलं. “ही लांजेवार. एक दशांश इकडचं तिकडे करणार नाही.” मी फुगले. एकवीस वर्षांची होते, कोणी काटेकोर म्हटलं की मला सुंदर म्हटल्यासारखं वाटायचं.

मंदा छान धावली. पहिल्या फेरीत जरा मागे, दुसऱ्या फेरीच्या मागच्या सरळ पट्ट्यावर तिनं सगळ्यांना टाकलं, शेवटच्या वळणातून एकटी बाहेर आली. छाती दोरीला लागली आणि मी अंगठा दाबला.

“बारा चार,” रेल्वेचे साहेब म्हणाले.

“बारा!” पांढरीपांडे सर म्हणाले. सरांचं घड्याळ नेहमीच जरा दयाळू असायचं.

तीन घड्याळांनी तीन वेगळ्या वेळा दाखवल्या तर मधली धरतात. सगळे माझ्याकडे बघायला लागले. मंदा गुडघ्यांवर हात ठेवून वाकली होती, तशीच मान वर करून तीही बघत होती.

“बारा तीन,” मी म्हणाले.

साहेबांनी लिहून घेतलं. त्यांना दुसऱ्या गावी जायचं होतं. सरांनी मला बाजूला घेतलं. “लांजेवार, अंगठा जरा आधी पडला असता तर तुझ्या बापाचं काय जात होतं गं?” मी रडकुंडीला आले. मंदानंच माझ्या पाठीवर हात ठेवला. दम लागला होता तिला, बोलवत नव्हतं. “जाऊ दे ना, शोभना. जे होतं ते तू सांगतलं.”

वैशाखात तिचं लग्न झालं. मी जेवले त्या लग्नात, वांग्याची भाजी दोनदा घेतली. दोन वर्षांनी देवरीहून निरोप आला. बाळंतपणात गेली. बाळही गेलं. त्या गावात डॉक्टर नव्हता आणि जो होता तो त्या दिवशी नव्हता.

पुढे मला नोकरीही त्याच विद्यापीठात लागली. मैदानाची फाइल आली की मी ती शेजारच्या टेबलावर सरकवायची. डोमाजी भेटले की नमस्कार करायची आणि घाईत असल्यासारखं चालायची. त्यांनी मला कधी एका शब्दानं विचारलं नाही. विचारलं असतं तर बरं झालं असतं. रात्री झोपताना उजवा अंगठा उशीखाली जायचा, आणि कधीकधी तो उशीखालीच दाबून बघायची, किती लवकर दाबता आला असता म्हणून. माझ्या नवऱ्यालाही हे माहीत नव्हतं.

तर असा तो माणूस चौदा वर्षांनी माझ्या टेबलासमोर उभा होता, आणि माझ्याकडे माप मागत होता.

“सोमवारी सकाळी या,” मी म्हणाले. “काठी तुम्हालाच धरावी लागेल.”

सोमवारी मी तिपाईवर मोजणीचं यंत्र उभं केलं. त्याच्यासोबत एक काठी असते, तिच्या डोक्यावर आरसा. काठी जिथे टेकवाल तिथलं अंतर यंत्र सांगतं. डोमाजी धुतलेला सदरा घालून आले होते. दाढी केलेली. आदल्या दिवशी त्यांनी रेघ ताजी आखून ठेवली होती, खोदायच्या मैदानावर.

“रेघेवर टेकवायची, सरळ धरायची, आणि मी हात वर केला की पुढे,” मी सांगितलं.

“सत्यनारायनाले बसल्यासारखं वाटून रायलं, मॅडम.”

“बोलू नका. काठी हलते.”

ते बोलले नाहीत. दोन-दोन पावलांवर काठी टेकवत, श्वास रोखून, त्यांनी अख्खी फेरी पुरी केली. दीड तास लागला. वसतिगृहाच्या मुली गच्चीवरून बघत होत्या. सूर्य डोक्यावर आला तरी त्यांनी टोपी घातली नाही, टोपीची सावली आरशावर पडेल म्हणून. शेवटच्या बिंदूला आले तेव्हा त्यांनी काठी माझ्या हातात अशी दिली, जणू काही मौल्यवान वस्तू परत करतायत.

“माही तार नरम नाई पडत,” ते म्हणाले. “लावा तुमी हिशेब.”

दुपारी मी आकडे मांडले. चारशे मीटर यायला हवे होते. आले चारशे एक मीटर चव्वेचाळीस सेंटिमीटर.

माझंच चुकलं असेल म्हणून पुन्हा मांडले. पुन्हा तेच. सरळ पट्टे बरोबर होते, वळणंच बाहेर सरकलेली होती, दोन्ही सारखीच, नऊ-नऊ इंचांनी. जुन्या काळातलं काम, कोणी खुंटी हलवली असेल, मी मनात म्हटलं. आणि मग हातातली पेन्सिल थांबली.

चारशेला एक चव्वेचाळीस, म्हणजे आठशेला दोन मीटर सत्त्याऐंशी. मंदाच्या वेगानं एवढं अंतर कापायला लागतात जवळपास पाच दशांश सेकंद. बारा तीनमधून तेवढे वजा केले. तीन वेळा केले. दोन मिनिटं, अकरा, आठ.

मी टेबलावर डोकं ठेवून रडले. आनंदानं रडले, हे सांगायला हवं. चौदा वर्षं माझ्या अंगठ्यावर बसलेलं ओझं त्या एका वजाबाकीनं उतरलं होतं. माझं घड्याळ खरं होतं. मंदाही पुरी पडली होती. दोष होता तो मातीतल्या रेघेचा, आणि रेघेला काही मन नसतं. डोळे पुसले, हिशेबाचा कागद उचलला, आणि भर दुपारी पदर खोचून मैदानातून पळत निघाले. मंदाला पिडायचो तसं कोणी मला त्या दिवशी पिडलं असतं तर चाललं असतं.

डोमाजी सामानाच्या खोलीत चुना चाळत बसले होते.

“काका!” कितीतरी वर्षांनी तोंडातून तेच आलं. “काका, मंदा पास होती!”

चाळणी थांबली.

“तुमचा ट्रॅक लांब निघाला. एक मीटर चव्वेचाळीस सेंटिमीटर. म्हणजे मंदा त्या दिवशी आठशे नाही धावली, आठशेच्या वर जवळजवळ तीन मीटर धावली! आठशेचा हिशेब केला तर दोन अकरा आठ. दोन दशांशानं पास. ती कमी नाही पडली, काका, अजिबात नाही!”

मी हे सगळं एका दमात बोलले, आणि हसत बोलले. त्या हसण्याची मला आजही लाज वाटते.

“एक मीटर?” डोमाजी म्हणाले.

“आणि चव्वेचाळीस.”

“नाई. एवढं नाई होऊ शकत.” ते चाळणीकडे बघून बोलत होते. “मॅडम, तार समजा वीतभर वाढली. तं फेरी वीतभरच वाढन ना?”

इथे मी थांबायला हवं होतं. साधा प्रश्न होता, पण चौदा वर्षांपूर्वीच्या रेघेबद्दल कोणी एवढा नेमका प्रश्न विचारत नाही. मला तो फक्त चुकीचा प्रश्न वाटला, आणि चुकीचं दिसलं की दुरुस्त करायची माझी खोड. मी खाली बसले, सांडलेल्या चुन्यात बोटानं गोल काढला.

“नाही हो, काका. तार म्हणजे मधून कडेपर्यंतचं अंतर. ते एक वीत वाढलं की अख्खा गोल सहा वीत वाढतो. सहाच्याही थोडा वर. आणि मंदा दोन फेऱ्या धावली. म्हणजे साडेबारा वीत.”

डोमाजींनी हात जमिनीवर पसरला. अंगठ्यापासून करंगळीपर्यंत एक. मग करंगळीशी अंगठा आणून दोन. गुडघ्यांवर सरकत ते दारापासून निघाले, चुन्याच्या पोत्याजवळून गेले, रोलरच्या दांड्याखालून. ते मोठ्यानं मोजत होते. बाराला भिंत आली. उरलेली अर्धी त्यांनी भिंतीवर वर मोजली. मग मागे वळून दाराकडे बघितलं.

“एवढं?”

“एवढं,” मी म्हणाले. अजूनही मला काही कळलं नव्हतं.

“एवढ्यानं गेली माही पोरगी.”

ते उठले. खिळ्यावरची तार काढली आणि तिचं कडीजवळचं टोक माझ्यासमोर धरलं. तेलानं चकचकणाऱ्या त्या तारेला तिथे एक सांधा होता. बारीक तारेचे वेढे घालून घट्ट बसवलेला, सफाईदार. सांध्यापासून कडीपर्यंतचा तुकडा नवा होता, म्हणजे चौदा वर्षांपूर्वी नवा. त्यांनी त्यावर हात ठेवला. बरोबर एक वीत.

“भेटीच्या दोन दिवस आधी,” ते म्हणाले. चाचणीला ते भेट म्हणायचे. “क्रीडा विभागातले भुसारी बाबू सगळ्यायसमोर बोलले. म्हने, घरचा ट्रॅक, घरचा चुना, पोरगी कशी नाई पास होत? सगळे हासले. मले लागलं ते. म्हनलं, मंदा नोकरीवर गेली अन् मागून कोनी बोट दाखवलं, का बापानं ट्रॅक चोरला, तं? म्हनून भेटीच्या दिवशी सकाळी उठून तुकडा जोडला. वीतभर. म्हनलं वीतभरानं काय होते? मंदा एका ढांगेत आठ वीत जाते.”

मी खाली बसलेलीच होते. माझ्यासमोर मीच काढलेला गोल होता.

“मग नंतर तुकडा काढला का नाही?”

“ती ज्याच्यावर धावली तो मोडू कसा? तोच आखत रायलो. दरवर्षी.”

“काका, हे तुमच्यामुळे नाही झालं. घड्याळ तर माझंच होतं. मी अंगठा...”

“तू खरं दाबलं, पोरी.” ‘मॅडम’ कधी गेलं ते दोघांनाही कळलं नाही. “तू लोकायच्या तोंडाले नाई भ्याली. भ्यालो म्या.”

मी काय केलं होतं ते मला तेव्हा उमगलं. माझ्या डोक्यावरचं ओझं उतरवून मी पळत पळत आले होते आणि ते त्यांच्या डोक्यावर ठेवलं होतं, वर हसले होते. चौदा वर्षं त्यांना वाटत होतं, पोरीचं नशीब. नशिबाशी माणूस भांडत भांडत जगतो. मी त्यांच्या हातात हिशेब दिला, आणि तो बिनचूक होता.

“मी कागदावर चारशे लिहिते,” मी म्हणाले. “बरोबर चारशे. सहीशिक्क्यानं. कोण बघायला येतंय?”

“नाई. जे हाये ते लिही.” त्यांनी तार गुंडाळली. “मंदाच्या फोटोखाली खोटं नाई लावत मी.”

आराखड्यातली ती ओळ तशीच राहिली. तीन विशेषणांतलं एक तरी खरं निघालं म्हणून सल्लागार खूश झाले असते, पण मी कोणाला सांगितलं नाही. हे सगळं आज पहिल्यांदाच सांगते आहे. डोमाजींना जाऊन आता एकोणीस वर्षं होतील. निवृत्तीनंतर ते फार काळ राहिले नाहीत. मीही यंदा निवृत्त झाले. तो निळा ट्रॅक सुंदर झाला आहे. त्यावर सकाळी शहरातली अर्धी माणसं चालायला येतात. मी येत नाही.

खोदकाम मोजणीच्या पुढच्याच सोमवारी सुरू व्हायचं होतं. जागा ठेकेदाराच्या ताब्यात द्यायच्या कागदावर सही करायला मी आठच्या आधी पोचले. जेसीबी फाटकापाशी उभा होता, त्याचा ड्रायव्हर चहा पीत होता. आणि मैदानावर एक नवी रेघ होती.

जुनी रेघ फिकट झालेली, आणि तिच्या आत, सगळीकडे सारख्याच अंतरावर, वीतभर आत, एक ताजी पांढरी रेघ. पहिल्या पट्टीची तेवढीच. दोन्ही वळणं, दोन्ही सरळ पट्टे, शेवटची आडवी रेघसुद्धा. डोमाजी त्या आडव्या रेघेपाशी उभे होते. हात कोपरापर्यंत पांढरे. तार पायाशी पडली होती, तिला आता सांधा नव्हता.

“ये,” ते म्हणाले. “हे चारशे हाये. मशीन नाई लावली तरी चालन.”

त्यांनी सदऱ्याच्या खिशातून स्टॉपवॉच काढलं. क्रीडा विभागाचं जुनं, चावीचं, दोरीवालं. पांढरीपांडे सरांच्या वेळचं.

“धर.”

“काका, कशाला?”

“धर तं खरी. तूच धरलं होतं.”

मी धरलं. त्यांनी ट्रॅककडे तोंड केलं, एकदा इकडेतिकडे बघितलं, आणि दोन्ही हातांनी मोठ्यानं टाळी वाजवली. मी अंगठा दाबला. काटा निघाला.

ट्रॅकवर कोणी नव्हतं. डोमाजींची मान हळूहळू फिरायला लागली. पहिलं वळण. मागचा सरळ पट्टा. दुसरं वळण. ते आमच्यासमोरून गेलेल्या कोणाकडे तरी बघून हलकेच म्हणाले, “हात सैल सोड.” मग पुन्हा मान फिरली. दुसऱ्या फेरीत त्यांचे ओठ हलत होते. मी काट्याकडे बघत होते. दोन मिनिटं झाली तेव्हा त्यांची नजर अजून शेवटच्या वळणातच होती. म्हातारी नजर, तिला अंतर कापायला वेळ लागत होता.

दोन पाच. दोन आठ. नजर वळणातून बाहेर आली. दोन दहा. अजून सत्तर मीटर तरी बाकी होते. मी एकवीस वर्षांची असताना थांबले असते, छाती रेघेवर येईपर्यंत थांबलेच असते. काटा अकराच्या पुढे गेला आणि मी अंगठा दाबला.

“किती?” त्यांनी विचारलं. ते अजून ट्रॅककडेच बघत होते.

“दोन अकरा आठ.”

“बरोबर दाबलं ना, पोरी?”

“बरोबर दाबलं, काका.”

त्यांनी मान हलवली. थोडा वेळ तसेच उभे राहिले, आडव्या रेघेपलीकडे, कोणी दमून वाकलेलं असतं तिथे बघत.

“मंग लागली नोकरी,” ते म्हणाले, आणि त्यांनी हात वर करून जेसीबीवाल्याला आत यायची खूण केली.

मी काटा शून्यावर आणला आणि ताब्याच्या कागदावर सही केली.